पट्टीखालचं काळं

दादा,

मी नवी पट्टी आणायला दवाखान्यात पळतेय. शेजारच्या काकूंना बाबांजवळ बसवलंय.

बाबांच्या पाठीवरची ती जंतू मारणारी चांदीची पट्टी काल रात्री, तू त्यांच्याजवळ होतास तेव्हा, कुणीतरी ओढून काढली. तिच्याबरोबर नुकती धरलेली कोवळी कातडीही गेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, जखम पुन्हा चिघळली तर आपल्या हातात काही राहणार नाही.

मी येईपर्यंत त्यांना कुशीवरच ठेव. जखमेला काही म्हणजे काही लावू नकोस. आणि काळं दिसलं म्हणून घाबरू नकोस. तो चांदीचा रंग आहे रे, मांस सडलेलं नाही.

बाबा एकच धरून बसलेत, "खाज सुटली, मीच काढली."

त्यांना तोंडावरची माशीसुद्धा हाकलता येत नाही, दादा.