तुमच्या अंगाचा दर

आप्पा, इथं कराचीच्या गोदीत भिंती मापायला कापडी फीत हाय, माणूस उभा करावा लागत न्हाय. ती ताणली की मला चिकोडीकडची ती पाण्याची हिर आठवते आणि मान खाली जाते.

तुम्ही हिरी खणायचं काम पुरुसावर घ्यायचा. खड्ड्यात स्वतः उभं राहून हात वर केला, की बोटाच्या टोकापर्यंत एक पुरूस, आणि तेवढ्याचा दर. तुमच्याएवढा उंच माणूस चार गावांत न्हवता. मालक वरनं हसून म्हणायचे, "आप्पा, जरा टाचा उचला की." निपाणीच्या बाजारात एकानं मला ऐकवलं, तुझ्या बापाला बोलवलं की खोली फुकटात मिळते, उंच माणसाची अक्कल गुडघ्यात. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच. राबतोय आपण आणि नफा मालकाचा. तुम्हाला विचारायचं सोडून मी तुम्हालाच खुळं ठरवलं.

मग तुम्हाला ताप भरला आणि त्या हिरीचं माप द्यायला मी उतरलो. मी आईवर गेलेला, तुमच्या खांद्याला लागणारा. माझ्या हातानं एक पुरूस जास्त भरला. मालक भला, मुकाट पैसं दिलं. घरी येऊन मी फुशारकीनं सांगितलं, वर म्हणालो, तुमची उंचीच आजवर आपल्याला बुडवत आली. थोरली आक्का चुलीपुढं हसली. तुम्ही अंथरुणात उठून बसलात, हसला न्हाय.

"दर माझ्या अंगाचा ठरलाय रं," तुम्ही म्हणालात. "उंचीचं पैसं मी दर बोलतानाच धरतो, म्हणून तर माझा दर दुसऱ्यापेक्षा चढा. आन् तू मोजलंस तुझ्या अंगानं."

अंगात कणकण असतानाच तुम्ही पहार घेऊन निघालात. पैसं परत दिलं असतं तर पोराची लबाडी मालकाला कळली असती. म्हणून त्याला सांगितलंत, झरा अजून खाली हाय, जरा उतरतो. कमी पडलेली खोली एकट्यानं खणून दिलीत. मी वर काठावर बसलो होतो. उतरलो न्हाय. त्याच महिन्यात घर सोडलं, आणि तुम्ही गेल्याचं इथंच कळलं.

इथला मुकादम म्हणतो, तुला काम येतंय, दर ठरवून एखादं अंगावर घे की, किती दिस दुसऱ्याच्या हाताखाली? मी सगळ्यांना सांगतो, मोकळं बरं. हे कुठं धाडायचं न्हाय, म्हणून तुम्हाला तरी खरं लिहितो. दर सांगायची पाळी आली की माझी जीभ उचलत न्हाय.