नकाशावरची खालची वाट

बाबा, तुमच्या गावातली खालची वाट मी आज सकाळी नकाशावरून काढून टाकली. ती नकाशावर टाकलीही मीच होती, आणि टाकताना तुमचाच कागद समोर ठेवला होता, म्हणून हे तुम्हाला सांगायला हवं.

मी आता दिल्लीबाहेर मानेसरला कामाला जातो. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांच्या रांगेत एक इमारत आहे, तिच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. डोंगरात आणि किनाऱ्यावर हौसेने चालायला जाणाऱ्यांसाठी आम्ही फोनवरचे नकाशे बनवतो. माणूस फोन खिशात ठेवून चालतो, त्याच्या चालण्याची रेघ आमच्याकडे येते. मी ती रेघ साफ करतो आणि वाटेचं नाव मराठीत लिहितो. नोकरी देताना आमच्या मॅडमनी, त्या पुण्याच्या आहेत, माझ्याकडून दहा शब्द लिहून घेतले. "दहावी झालीय ना?" "दहावीपर्यंत, मॅडम. परीक्षा नाही दिली." "अच्छा? मग 'दीपगृह' बरोबर कसं आलं? इथे एम. ए. वाले चुकतात." मी सांगितलं, एक अक्षर चुकलं तरी बाबा पूर्ण ओळ पुन्हा लिहायला लावायचे. "असे बाबा सगळ्यांना मिळोत यार," त्या म्हणाल्या. तुम्ही जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. तुमच्या ओरडण्यावर मला नोकरी लागली.

दिल्लीतलं आर. के. पुरमचं आपलं सरकारी क्वार्टर मला अजून खोलीखोलीने आठवतं. रविवार आहे, आई पोळ्या करतेय आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या फरशीवर उकिडवे बसला आहात, कारण मोठा कागद पसरायला तेवढीच जागा आहे. ऑफिसात तुम्ही नकाशांवर पारदर्शक कागद ठेवून रेघा गिरवायचात. बिघडलेले कागद घरी यायचे आणि त्यांवर तुम्ही मला तुमचं गाव काढून दाखवायचात. धक्क्यापासून पोफळीच्या बागांमधून वर चढणारी पाखाडी, जांभ्या दगडाच्या तिच्या पायऱ्या. वर सगळा मोकळा सडा, सपाट कातळाचं माळरान. सड्यावरून दीपगृहाकडे जाणारी एक वाट आणि पलीकडच्या पुळणीवर उतरणारी दुसरी. 'पुळण' म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. "रेती, बेटा, समुंदर की रेती," तुम्ही पटकन म्हणालात, आणि घरात हिंदी बोललो म्हणून स्वतःच ओशाळलात. आई पोळी उलटता उलटता म्हणाली, "पोराला अजून आउटर रिंग रोड ओलांडता येत नाही, आणि तुम्ही त्याला कोकण चालवताय."

मग तुम्ही खालची वाट काढायचात. दोन पुळणींच्या मधला कडा, त्याच्या कमरेतून जाणारी, एका माणसापुरती, खाली समुद्र. तिचा एक नियम होता. मागून कुणी येतंय असं वाटलं तर वळून पाहायचं नाही. पाठ कातळाला लावून थांबायचं आणि त्याला पुढे जाऊ द्यायचं. गावातलं लहान मूलसुद्धा हे पाळतं, असं तुम्ही म्हणायचात. मी विचारलं, "आणि कुणी आलंच नाही तर?" तुम्ही म्हणालात, "तरी थांबायचं."

बाकी सगळ्या वाटा तुम्ही सलग काढायचात, खालची मात्र वळणापुढे तुटक. मला ती अर्धवट वाटायची. अर्धवट राहिलेलं काही मला सहन होत नाही, तेव्हाही व्हायचं नाही. एकदा तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी तुमचं पेन घेऊन, जीभ दातांत धरून, ती रेघ नीट जोडली. तुम्ही बाहेर आलात, कागद पाहिलात आणि माझ्या हातातून पेन काढून घेतलंत. "विचारल्याशिवाय रेघ जोडायची नाही," तुम्ही म्हणालात. "कुणी चालेल त्यावरून." आवाज चढला नव्हता. पण दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. ती तुटक का, हे मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. मग मी दहावीत असताना तुम्ही गेलात. जानेवारी होता, बसस्टॉपवर उभे होतात, आईने विणलेला मातकट रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर अंगात होता. अस्थी आत्या गावी घेऊन गेली आणि त्या दोन पुळणींच्या मधल्या पाण्यात सोडल्या. मी गेलो नाही; माझी परीक्षा होती. परीक्षाही मी दिली नाही. तुमचं गाव मी आजवर पाहिलेलं नाही.

पावसाळा संपताना ते गाव माझ्या टेबलावर आलं. वरच्या वाटांवर भरपूर रेघा आल्या होत्या आणि त्या तुमच्या कागदाशी इतक्या जुळत होत्या की मी उठून पाणी पिऊन आलो. खालच्या वाटेवर एकही रेघ नव्हती. आमच्याकडे नियम आहे, दोन वेगळी माणसं चालून गेल्याशिवाय वाट नकाशावर घ्यायची नाही. मी तो नियम कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला. तुमच्या कागदावरून वाट उतरवली, वळणापुढे सलग केली, माहिती कुठून मिळाली त्या रकान्यात 'स्थानिक' असं लिहिलं. 'फक्त ओहोटीला जावे' ही सूचना तीनदा तपासली. शुद्धलेखनाची चूक नव्हती.

दसऱ्यानंतर पहिली रेघ आली. वळणापर्यंत जाऊन तिथूनच परत फिरलेली. खाली त्या मुलांनी लिहिलं होतं, 'मागून एक काका आले. आम्ही त्यांना पुढे जाऊ दिलं. ते वळणावर हात आडवा करून उभे राहिले आणि म्हणाले, आगे रास्ता नहीं है बेटा, वापस जाओ.' दुसरी रेघ आठवड्याने आली, तीही वळणावरून परत. एका बाईंनी लिहिलं होतं, 'काकांमुळे वाचलो. कोकणात इतकं दिल्लीछाप हिंदी कसं काय? आणि एवढ्या उकाड्यात स्वेटर!' मी ते मॅडमना दाखवलं.  "गावातला कुणीतरी असेल यार," त्या म्हणाल्या. "चांगलंय की, फुकटचा सुरक्षारक्षक." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू जेवलास का?"

दिवाळीला आत्याचा फोन येतो तसा आला. फराळाचं बोलून झाल्यावर मी सहज विचारावं तसं खालच्या वाटेचं विचारलं. "ती कुठली आता?" आत्या म्हणाली. "ती तुझा बाबा आठवीत असतानाच दर्यात गेली. त्याच वाटेने शाळेत जायचा तो. त्या दिवशी मागून कुणी येतंय असं वाटलं म्हणून थांबला, आणि समोरचा कडा त्याच्या डोळ्यांदेखत खाली गेला."

"मागे कोण होतं?"

"कोण असणार? कुणी नव्हतं. घरी आला तो आठ दिवस बोलला नाही. तुला कधी सांगितलं नाही त्याने?"

नाही सांगितलंत. मी फोन ठेवला आणि तुमचा कागद काढून पाहिला. तुटक रेघ म्हणजे काय, हे आमच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी शिकवतात: वाट होती, आता नाही. मी ते शेकडो नकाशांवर वापरलंय. तुमच्या कागदावर मात्र ते मला दिसलं नाही.

त्याच दिवशी वाट नकाशावरून काढून टाकायला हवी होती. कुणालाही कळलं नसतं, एक मिनिटाचं काम. मी कॉम्प्युटरसमोर बसलो आणि काढली नाही. लोक जात राहिले. त्यांच्या नोंदी मी जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, पुन्हा घरी वाचत होतो. प्रत्येक रेघ वळणावरून परत यायची. डिसेंबरात एकाने लिहिलं, काका गुडघ्यापर्यंत भिजलेले होते. दुसऱ्याने लिहिलं, ते धापा टाकत आले, बोलायला जरा वेळ लागला. मग संक्रांतीच्या सुमाराला एका जोडप्याने लिहिलं की वळणावर कुणी दिसलं नाही, फक्त खालून, पाण्याच्या बाजूने, 'वापस जाओ' असा आवाज आला, आणि तोही लाटांमुळे नीट ऐकू आला नाही. त्यांची रेघ वळणाच्या पुढे अकरा पावलं गेलेली होती. मी मोजली. मग परत फिरली होती.

आज सकाळी मी वाट काढून टाकली. मॅडमना सगळं सांगितलं, नियम मोडल्याचं आणि आत्याच्या फोनचंही. स्वेटर कुणाचा ते सांगितलं नाही. त्यांनी नकाशा उघडून ते वळण मोठं करून पाहिलं. मग म्हणाल्या, "दिवाळीपासून माहीत होतं तुला? कुणी पडलं असतं तर?"  नोकरीचं काय ते सोमवारी कळेल. वाट काढून टाकताना कारण विचारणारा एक रकाना येतो, त्यात जेमतेम एक ओळ मावते. मी लिहिलं, 'वाट अस्तित्वात नाही.' उरलेलं या वहीत लिहितोय. ही वही कुठेही जाणार नाही.

एवढे दिवस वाट का ठेवली, हे मी मॅडमना सांगितलं नाही, पण मला ते माहीत आहे. दिवाळीपासून आलेल्या प्रत्येक नोंदीत मी, माणसं सुखरूप परतली का, हे नंतर पाहायचो. आधी हे पाहायचो की तुम्ही त्यांना विचारलंत का, 'तुम्ही दिल्लीहून आलात का? आमच्या मुलाला ओळखता का?' तुम्ही कुणालाच विचारलं नाहीत.