तुम्ही वारूळ काढून टाकलंत

बाबा,

तुमच्यावरचा राग अजून तसाच आहे आणि तो ओसरावा अशी माझी इच्छाही नाही. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. मी चंद्रपुरात औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते आणि उरलेल्या वेळात पत्त्यांचा खेळ रचते. होय, तोच खेळ. नागपूरच्या एका लहान छापखान्याने तो विकायला काढला, लोक तो हौसेने खेळतात, आणि गेल्या रविवारी त्यातल्या नव्या पानांचे पहिले सामने इथल्या एका सभागृहात झाले. तिथे पन्नास माणसांसमोर एकाने मला चोर ठरवलं. चोरी म्हणे तुमची केली. तेव्हापासून तुमच्याशी भांडते आहे. मनातल्या मनात भांडून पोट भरेना, म्हणून कागद घेतला.

आठवीत जायच्या आधीची उन्हाळ्याची सुट्टी होती. पोंभुर्ण्याच्या आपल्या स्वयंपाकघरात फरशी गार असायची, म्हणून मी तिथेच पसरायचे. घरात साठलेल्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी पानं काढली. चार गट केले: वाघ, मोह, नदी आणि वारूळ. वाघाचं एकेक पान दांडगं, पण दोन वाघ शेजारी आले की दोघांचंही बळ निम्मं, कारण एका हद्दीत दोन वाघ नांदत नाहीत. मोहाचं झाड कुणाला मारत नाही, ते दर फेरीला हातात एक नवं पान टाकतो. नदी समोरच्याची पानं जागची हलवते. आणि वारूळ माझं. उधईचं, तुमच्या पुस्तकी भाषेत वाळवीचं, एकटं पान अगदी फुसकं. ते उपडं ठेवायचं, म्हणजे जमिनीखाली. अशी पाच साठली की सगळी एकदम उलटायची आणि समोरच्याची अख्खी रांग खाऊन टाकायची. तोवर वारूळ खेळणारा हरतोय असंच दिसतं. आई भाकरी थापता थापता माझ्याशी खेळायची आणि दर वेळी मोहच मागायची. "मले मारामारी नको बाई, माहा मोह राहू दे," म्हणायची, आणि हळूहळू जिंकायची.

तुम्ही शाळेचं काहीतरी आणायला आत आलात आणि दारातच थांबलात. "हा काय पसारा?" मी पानं गोळा करायला लागले, तर तुम्ही पाट ओढून बसलात आणि म्हणालात, "मला सांग कसं खेळतात." चार दुपारी तुम्ही माझ्याशी खेळलात. वाघ घेऊन. दुसऱ्याच दुपारी तुम्ही माझ्या नियमांतलं भोक शोधलंत: एकच वाघ पुढे ठेवायचा आणि माझं प्रत्येक उपडं पान पडल्या पडल्या उकरायचं. माझी पाच कधी साठलीच नाहीत. माझे डोळे भरून आले तर म्हणालात, "चाल कर. रडून डाव जिंकता येत नाही." मग रात्रभर विचार करून मी नवा नियम आणला, वाघाने उकरलं की त्याची एक फेरी वाया. तुम्ही भुवया उंचावल्यात आणि वहीत काहीतरी लिहिलंत. ते चार दिवस मला तुम्ही आवडला होतात. हे लिहायचं नव्हतं, पण ते खरं आहे.

मग दिवाळीनंतर चंद्रपूरला शिक्षकांनी केलेल्या शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन भरलं. "चल, तुला दाखवतो," म्हणालात. मी नवा फ्रॉक घालून आले. तुमच्या टेबलावर माझा खेळ होता. जाड पुठ्ठ्यावर, पेंटरकडून रंगवून घेतलेला. वर तुमचं नाव. आणि वारूळ नव्हतं. त्या जागी तुम्ही शिकारी घातले होते, काळ्या मिशांचे, दुष्ट. मी विचारलं तर पुटपुटलात, "किडेमुंग्या कोण पाहते?" घरात आम्हाला 'मले' म्हणू न देणारे तुम्ही, घाई झाली की तुमचीही भाषा सुटायची. एक मोठे साहेब आले, पानं उलटून पाहिली, "वा गुरुजी" म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं, "हा खेळ माझा आहे." साहेब वाकले. त्यांना खरंच ऐकायचं होतं, बाबा, मी त्यांचा चेहरा पाहिला आहे. पण तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून हसलात. "घरी खेळवून पाहिला ना तिच्यावर, म्हणून पोरीले आपलाच वाटते." सगळे हसले. साहेबही हसले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. तुम्हाला पहिला नंबर मिळाला, शाल आणि प्रमाणपत्र.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. तुम्हीच शेवटी बोललात. "आठवीतल्या पोरीचं नाव टाकलं असतं तर कोणी उभं राह्यलं असतं का तिथी?"

"मी उभी होती ना," मी म्हटलं.

तुम्ही मला 'होते' म्हण असंही सांगितलं नाहीत. बक्षिसाबरोबर मिळालेला पेन काढून माझ्या मांडीवर ठेवलात. मी तो सीटच्या फटीत सरकवला आणि पोंभुर्ण्याला उतरले.

पुढे तुमची बदली एटापल्लीकडे झाली. तिथल्या पोरांना तुम्ही तो खेळ शिकवलात, तुमचा म्हणून. तुमच्या तेराव्याला लोक जेवता जेवता बोलत होते, "गुरुजींनी काय खेळ काढला होता!" मी पंगतीत वाढत होते. आईने माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि म्हणाली, "तू मागं जाऊन बस." तिला सगळं माहीत होतं. तिनेही कधी कुणाला सांगितलं नाही. तो हिशेब मी तिच्याशी करत नाही, तुमच्याशी करते.

आता रविवारचं. नव्या पानांत मी वणवा आणला आहे. मोह वेचणारे झाडाखालचा पाला पेटवतात, तसं मोहाच्या खेळाडूला आपला पाला पेटवून एकदम तीन पानं उचलता येतात. पण टेबलावर लागून लागून पानं मांडलेली असतील तर आग पसरते, आपली-परकी बघत नाही. वाघ पळतात, म्हणजे हातात परत येतात. नदी आग अडवते. जमिनीखालची उधई वाचते, आणि त्यानंतर पावसाचं पान पडलं तर तिला पंख फुटतात, मग पाचाऐवजी तिनावरच उठता येतं. याच्यावर लोक तासभर वाद घालत होते. मला फार बरं वाटत होतं. तेवढ्यात एटापल्लीहून आलेला, चाळिशीतला एक मास्तर उभा राहिला.

"बाई, हा तर आमच्या गुरुजींचा खेळ हाय. आमी शाळेत खेळलो. तुमी त्यायच्यावरून उचलला काऊन? त्यायचं नाव तं कुठी दिसत नाई."

मी म्हटलं, "त्या गुरुजींची मी मुलगी."

त्याचा चेहरा एकदम उजळला. "मंग ठीक हाय! बापाचंच तं पोरीकडे येते."

मी सांगितलं. प्रदर्शन, शाल, सगळं, उभ्या उभ्या. माझा आवाज चिरका झाला. लोक टेबलाकडे पाहत राहिले. मास्तर म्हणाला, "मेलेल्या माणसावर असं बोलू नये, बाई." मी त्याला खेळायला बसवलं. मी वारूळ घेतलं, त्याने वाघ. वणवा पेटला, पाऊस आला, मी त्याची रांग साफ केली. उठताना तो सौम्यपणे म्हणाला, "गुरुजी असते तं असे हरले नसते."

तुम्ही माझ्या हातून काय नेलंत ते तुम्हाला अजून कळलं नसेल. माझं म्हणणं मांडायला मला कुणाची तरी शाबासकी आधी लागते, अजून लागते. आणि ते खरं म्हणून सांगितलं तरी समोरचा मलाच समजावतो. हे तुमचं देणं आहे. शाल तुम्ही ठेवून घेतलीत.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, जाळणारही नाही, दुकानातल्या जुन्या बिलांखाली पडून राहील. पण एक सांगायचं राहिलं. नवं पान तपासताना मी एकटीच दोन्ही बाजूंनी खेळते, आणि समोरचा हात तुमचा असतो. इतकी वर्षं तुम्ही हरत आला आहात, कारण तुमच्या वाटणीला मी मुद्दाम हलकी पानं लावते. काल दुपारी पहिल्यांदा पानं नीट पिसून वाटली. सातव्या फेरीला तुम्ही जिंकत होतात. मी डाव मोडला.