माझ्या नावावर मासे कोण पकडतं?

चि. मेहुण्यास आशीर्वाद (तूर्त अर्धाच, उरलेला अर्धा तुझा खुलासा आल्यावर पाठवीन).

तुझी कंबर आता कशी आहे? खुर्चीत उशी घेऊन बसतोस ना? तुझ्या बायकोचं पडसं गेलं का? आणि तुझी ताई कशी आहे? ती नऊ दिवसांपूर्वी बॅग भरून तुमच्याकडे आली, त्यानंतर तिचा एक फोन नाही. निघताना ती म्हणाली की पाळत ठेवणाऱ्या माणसाबरोबर मला राहायचं नाही (निदान मला तसं वाटलं; दाराकडे तोंड करून बोलत होती). तिची बाजू तुझ्या कानावर गेलीच असेल. आता माझीही ऐक, म्हणजे ती परत येणार की नाही हे ठरवताना दोन्ही पारडी भरलेली असतील. मी इथे अगदी मजेत आहे. हे वाक्य तिला मोठ्याने वाचून दाखव.

तुला ठाऊक आहे, मी एकतीस वर्षं वजनमापे तपासनीस होतो. दुकानात शिरलो की आधी पारड्याखाली हात घालायचा आणि मग दुकानदाराला नमस्कार करायचा, ही माझी पद्धत. (पारड्याला खालून चिकटवलेली मेणाची गोळी मी वासावरून ओळखत असे.) निवृत्तीनंतर तपासायला घरच उरलं. तेव्हा तूच हा कंप्युटर आणून दिलास, वर तो मासेमारीचा खेळही घालून दिलास. तळ्याकाठी बसायचं, गळ टाकायचा, लाल बुचावर नजर ठेवायची, मासा लागला की त्याच क्षणी स्पेसबार दाबायचा. दहातले नऊ मासे माझ्या हातून सुटत. खेळच खोटा आहे, असा माझा पहिला संशय. खेळ बनवणाऱ्यांना मी एक तक्रारअर्जही लिहिला, तीन प्रतींत. मासा सुटला की मी दुपारभर कुणाशी बोलत नसे, हे तुझ्या ताईने तुला तेव्हाच सांगितलं असणार. हे मला आत्ता कळतंय.

मग दोन महिन्यांपूर्वी तू येऊन गेलास आणि माझे मासे लागायला लागले. मला वाटलं, हात बसला. मी अख्ख्या इमारतीत सांगून आलो. पण एका दुपारी झोपायला गेलो तेव्हा खात्यावर दोनशे बारा मासे होते, आणि चहाला उठलो तर दोनशे एकसष्ट. मी घोरत असताना (मी घोरत नाही) कुणीतरी माझ्या नावावर एकोणपन्नास मासे पकडले होते! चोरी होते तेव्हा माल कमी होतो. माल वाढवणारा चोर मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता, त्यामुळे हा प्रकार मला जास्तच गंभीर वाटला. संशयित दोन. एक, वाद्यं जुळवून देणारे आपले शेजारी, ज्यांच्याकडे आपल्या घराची जादा किल्ली असते. दुसरी तुझी ताई, जी नेमकी दुपारीच हातात फडकं घेऊन त्या खोलीत जाते.

म्हणून मी स्क्रीन रेकॉर्ड करायचं ठरवलं. पहिल्या दिवशी चित्र आलं, आवाज आला नाही. कुणाचा हात लागलेला न दिसता गळ पाण्यात पडतोय, मासा वर येतोय, टोपलीत जातोय. आवाज हवाच होता, कारण चोर कितीही सराईत असला तरी खोकतोच. रेकॉर्डिंगच्या यादीत दोन चौकटी होत्या, एक माइकची आणि एक कंप्युटरच्या आतल्या आवाजाची. मी दुसऱ्या दिवशी दोन्हींवर खूण केली. (अधिकाऱ्याने एकाच मापावर कधी विसंबू नये.)

त्या संध्याकाळी पुरावा दाखवायला मी तुझ्या ताईला शेजारी बसवलं आणि रेकॉर्डिंग लावलं. पहिला मासा लागला आणि रेकॉर्डिंग थांबलं. पुन्हा सुरू केलं, दुसरा मासा, पुन्हा थांबलं. असं सतरा वेळा! पुरावा नेमका गुन्ह्याच्या क्षणी थांबतो म्हणजे गुन्हेगार खोलीतच आहे, असं कुणीही म्हणेल. आणि खोलीत आम्ही दोघंच. तिच्या मांडीवर घडी घालायचा टॉवेल होता, टॉवेलखाली हात. मी तिला अत्यंत सभ्यपणे दोन्ही हात वर करायला सांगितलं, टॉवेल उचलून खाली दुसरा कीबोर्ड आहे का ते पाहिलं, आणि खुर्चीच्या गादीखालीही हात घातला. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्या चेहऱ्यावर तसं काही मी पाहिलं नव्हतं. सकाळी तिने बॅग भरली.

उरलेला संशयित बोलावला. शेजारी आले, खुर्चीत बसले, डोळे मिटून दोन मिनिटं रेकॉर्डिंग ऐकलं आणि म्हणाले, "हे प्रत्येक डुबुकला थांबतंय."

"कसलं डुबुक?" मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. मग जवळ येऊन, एकेक शब्द सुटा करत त्यांनी सांगितलं की मासा लागला की डुबुक असा आवाज होतो, चांगला ठसठशीत, आणि तो ऐकूनच बटण दाबायचं असतं. चार महिने मी तो खेळ मुका समजून खेळत होतो रे. त्यांनी आवाज पूर्ण वाढवला. खिडकीची तावदानं थरथरताना मला दिसली, शेजाऱ्यांनी कानांवर हात ठेवले, आणि मला लांबच्या खोलीत कुणी कप ठेवल्याइतकं काहीतरी ऐकू आलं.

मग त्यांनी चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी उघडली. त्यात एकाचं नाव होतं 'भावोजी'. तो कंप्युटरच्या आतला आवाज ऐकतो, डुबुक झालं की स्पेसबार दाबतो, पुन्हा गळ टाकतो, आणि मी झोपलो तरी थांबत नाही. डुबुक खेळातलं आहे की माझ्या रेकॉर्डिंगमधलं, याची त्याला पर्वा नाही. आणि रेकॉर्डिंग लावून पाहत असताना स्पेसबार दाबला की ते थांबतं. म्हणजे तो माझ्या पुराव्यातले मासे पकडत होता. इतका निष्ठावान माणूस आमच्या खात्यात एकही नव्हता. आणि त्याच्या आत तू लिहून ठेवलेली ओळ: 'ताईच्या सांगण्यावरून. भावोजींना कळू द्यायचं नाही.'

तेव्हा माझा संशय बरोबरच होता, हे नोंदवून ठेव. तुझी ताई गुन्ह्यात सामील होती. मी फक्त कलम चुकीचं लावलं. पण तुझ्यापाशी लपवत नाही, ती ओळ वाचून मला राग आला नाही, लाज वाटली. तिने दोनदा सांगितलं होतं की कान तपासून घ्या. दोन्ही वेळा मी म्हणालो की तूच हल्ली पुटपुटायला लागली आहेस.

कळावे, 
तुझा भावोजी (माणूस, प्रोग्राम नव्हे)

ता. क. तो प्रोग्राम काढू नकोस. माझी काही हरकत नाही.

ता. क. दुसरा. गुरुवारी चार वाजता कानाच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. घरचं माणूस बरोबर आणा, असं तिथल्या बाईंनी फोनवर सांगितलं (शेजाऱ्यांनी ऐकून मला लिहून दिलं). शेजारी यायला तयार आहेत, पण मी त्यांना ठामपणे नाही म्हटलं आहे. त्यांच्या किल्लीबद्दल माझा संशय अजून फिटलेला नाही. तर घरचं माणूस कोण, याचा तुझ्या घरात विचार व्हावा. मी विचारलंय असं सांगू नकोस.

ता. क. तिसरा. त्या रेकॉर्डिंगमध्ये माइकचाही आवाज आहे. मी खुर्चीतच झोपलो होतो. मधेच तुझी ताई खोलीत येते आणि माझ्याजवळ उभी राहून काहीतरी बोलते (एवढं शेजाऱ्यांनी ऐकून सांगितलं). मी ते चौदा वेळा लावलं, कान स्पीकरला टेकवून. एक शब्द लागला नाही. नेमकं काय बोलते ते शेजाऱ्यांना विचारलं तर ते चष्मा पुसायला लागले आणि म्हणाले, हे मी सांगणं बरं नाही, वहिनींनाच विचारा. माझ्याविरुद्ध असणार, दुसरं काय. तिला परत पाठव रे. झोपलेल्या माणसाला जे सांगते, ते मला जागेपणी ऐकायचंय.