रंधा मशीनचा झिजलेला रंग

अण्णा, तुम्ही माझ्यावर आयुष्यात एकदाच ओरडलात, आणि तो दिवस आठवला की मला अजून हसू येतं. अठ्ठावन्न सालचा एक रविवार. मल्लेश्वरमच्या आपल्या घरात पुढच्या दोन खोल्यांत तुमचा सुतारकामाचा कारखाना, मागे आपण राहायचो. मला बघायला दुपारी पाहुणे येणार होते, आणि आत यायची वाट एकच, तुमच्या रंधा मशीनला वळसा घालून. ते मशीन गोऱ्यांच्या लष्करी वर्कशॉपमधून लिलावात आलेलं, माझ्याहून वयाने मोठं. मूळचा करडा-हिरवा रंग जागोजागी उडालेला, कडेला तर आतलं लोखंड उघडं पडून चकाकत होतं. मला त्याची लाज वाटायची. तुम्ही लाकूड बघायला येलहंक्याला गेला होतात. आठव्या क्रॉसवरच्या दुकानातून आणलेला हिरव्या रंगाचा डबा मी उघडला, पदर खोचला आणि ब्रश चालवायला लागले.

तुम्ही लवकर परत येता. दारातच थबकता. "कुणी सांगितलं तुला हे?" एवढ्या मोठ्याने, की आई हातातल्या झाऱ्यासकट धावत बाहेर येते. "अहो, पाहुणे यायचेत, जरा नीटनेटकं करतेय ती!"

"नीटनेटकं? सगळं पुसून टाकतेय!"

मग माझा चेहरा पाहून तुमचा आवाज उतरला. "स्वल्प इकडे ये," जरा म्हणायचं तिथे कानडी शब्द घालत म्हणालात, आणि माझा हात धरून मशीनच्या कडेला टेकवलात. तळव्याएवढी जागा झिजून गुळगुळीत झाली होती. "हे घेतलं तेव्हा मला चालवता येत नव्हतं. शिकवायला कुणी नाही. पात्यापासून लांब, हात नेमका कुठे ठेवायचा, ते मला या झिजेनं दाखवलं. माझ्या आधी कुणीतरी वर्षानुवर्षं इथे हात ठेवून काम केलं. माझी दहा बोटं शाबूत आहेत ती त्याच्यामुळे. त्याचं नावसुद्धा मला माहीत नाही, एवढी खूण तेवढी आहे. आणि तू तिच्यावर रंग फासतेस."

रडायला वेळ नव्हता. तुम्ही जुनं धोतर टराटरा फाडलंत, रॉकेलची बाटली काढलीत. "घासायचं नाही हं. नवा रंग ओला आहे, तो नुसता टिपून घ्यायचा. जुना मुरलाय, तो हलणार नाही." आपण दोघं शेजारी शेजारी बसून टिपत राहिलो. हिरव्याखालून जुना रंग हळूहळू वर येत होता, आणि त्याच्यासोबत ओरखडे. "हा माझा, सागाची फळी निसटली होती. हा त्याचा. आणि हा बघ, हा कुणाचा ते दोघांनाही ठाऊक नाही!" तुम्ही इतके खुशीत होतात की पाहुणे दारात येऊन उभे राहिले तरी आपल्याला कळलं नाही.

"मुलीचे हात हिरवे कशाने?" मुलाच्या आईने विचारलं.

"माझ्या मशीनला नवरी करायला निघाली होती," तुम्ही म्हणालात. उप्पीट पुढे येईपर्यंत त्या हसत होत्या. मुलगा ड्राफ्ट्समन. कॉफी तशीच ठेवून तो उठला, मशीनभोवती फिरला, आणि कुणी न सांगता त्याचा तळवा बरोब्बर त्या झिजलेल्या जागी टेकला. "रंगवलं नाहीत ते सरी, अगदी बरोबर केलंत," तो म्हणाला. तुम्ही आत जाऊन आईला सांगितलंत, "ठरलं." "अहो, तिला तरी विचारा," आई म्हणाली. तुम्ही विचारलंत, आणि मी मान खाली घालून म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

पुढे कारखाना बंद करताना तुम्ही ते मशीन सुतारकामाच्या एका शाळेला दिलंत. नवी मोटर बसवून दिलीत, आणि वर कानडीत पाटी लावलीत, रंगवू नये. लग्नानंतर आम्ही दोघं एकदा पाहून आलो. पाटी जागेवर होती.

आता तुम्ही नाहीत, हे पत्र टाकायचं कुठे? राहील माझ्याच खणात. पण अण्णा, त्या मुलाला मी त्या रविवारी पहिल्यांदा पाहिलं नव्हतं. दोन महिने आम्ही एकाच बसने कामाला जात होतो, आणि घरी मागणी घालायला मीच त्यांना सुचवलं होतं. मशीनचं मात्र त्यांचं त्यांनीच ओळखलं, शप्पथ.