तुमच्या नावाची पाटी

प्रिय बाबा,

पत्र लिहिण्याइतकी मी आज शांत नाही. पण भांडायला तुम्ही नाही, आणि आईपुढे तरी किती ओरडू? तुमची तेरवी जेवून गेलेल्या लोकांनी आज आपल्या शाळेत तुमच्या नावाची पाटी बसवली. कुठे, माहीत आहे? हुशार मुलांच्या वेगळ्या तुकडीवर!

हो, तीच तुकडी, जी तुम्ही असेपर्यंत काढायची कोणाची हिंमत झाली नाही. चाळणी परीक्षा घेतली, सातवीतली चमकणारी मुलं उचलली आणि नव्या पंख्यांच्या खोलीत नेऊन बसवली. उरलेली माझ्याकडे. शनिवारी कार्यक्रम आहे. पाटीवरचा पडदा सरांच्या कन्येने, म्हणजे मी, बाजूला करायचा.

"सरांचं हेच स्वप्न होतं," असं मुख्याध्यापक म्हणाले. तुमचं? मी चहाचा कप तसाच ठेवून उठले.

मी तुमच्या वर्गात बसले आहे, बाबा. तुमच्या वर्गात ज्याला समजलं त्याने हात वर करायचा नसे. त्याने शेजाऱ्याला समजवायचं आणि उत्तर शेजाऱ्याने द्यायचं. मी एकदा हात वर केला तर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "तुले समजलं ना? मंग कांताले सांग. उत्तर थे देईन."

कांताला पाव भाकरीपेक्षा आठवा हिस्सा मोठा वाटायचा, कारण चारापेक्षा आठ मोठे! मी तेच तेच वाक्य तिच्या कानात ओरडत राहिले. तुम्ही मागे येऊन उभे. "आवाज वाढवून राह्यली तू, समजावून नाई राह्यली." किती राग आला होता तेव्हा तुमचा! मग मी कागदाच्या घड्या घालायला घेतल्या, आणि मधेच कळलं की मलाही ते नुसतं पाठ होतं. कांताने उत्तर दिलं. टाळ्या तिला मिळाल्या, आणि मी घरी येऊन जेवले नाही.

दुसऱ्याला सांगता येत नाही तोवर आपल्याला आलं म्हणू नये, एवढाच तुमचा धर्म. मग आता सांगा, सगळ्या समजलेल्यांना एका खोलीत कोंडलं, तर कांताशेजारी कोण बसणार? आणि त्या हुशारांना तरी काय येणार? पाठांतर!

पण खरं सांगू? त्यांच्यापेक्षा मला तुमचा राग जास्त येतो. तुम्ही कधी बोललातच नाही! अमरावतीहून तपासणीला आलेले साहेब तुमच्या वर्गातला गलका ऐकून "हा काय बाजार आहे?" म्हणाले, तेव्हा तुम्ही हसलात. मीटिंगमध्ये मान खाली घालून बसायचात. मी विचारलं होतं, "बाबा, तुमी बोलत काहून नाई?" तुम्ही म्हणालात, "आपला वर्ग आपल्या हातात हाये ना, माय. त्यायच्या नादी कायले लागा?"

बघा आता! जिवंतपणी तुम्ही तोंड उघडलं नाही, म्हणून आज कोणीही तुमच्या तोंडी काहीही घालतो. हा साधेपणा नव्हता, बाबा. तुम्ही आम्हाला उघड्यावर टाकून गेलात. इतकं चांगलं शिकवणाऱ्या माणसाला एवढं कळू नये?

आज शेवटच्या तासाला माझ्या वर्गातली दुर्गा उभी राहिली. अभ्यासातलं विचारेल असं वाटलं. ती म्हणाली, "मॅडम, त्यायच्या वर्गाले मोठ्या सरायचं नाव देलं. आमच्या वर्गाले कोनाचं हाये?"

पोरं वाट बघत होती, घंटा झाली तरी कोणी उठेना. तुम्ही असता तर काय केलं असतं? हसला असता. मला हसू येत नाही.

तेव्हा ऐका. शनिवारी दोन शब्द बोलायला माझ्या हातात माईक देणार आहेत. मी बोलणार. कागदाच्या घड्यांचं सांगणार, कांताचं सांगणार, आणि पोरं पुन्हा एकत्र बसवा म्हणणार. नाही ऐकलं, तर पडद्यामागची तुमची पाटी सगळ्यांसमोर मी स्वतः उतरवणार. वचन देते, त्या दारावर तुमचं नाव राहणार नाही.

पाटीचे स्क्रू काढायला तुमच्या टेबलाच्या खणातला पेचकस पर्समध्ये टाकताना आईने पाहिलं. तिला काही सांगावं लागलं नाही. म्हणाली, "मोठा ने वं. लायना घसरते."

तुमच्यावर अजून रागावलेली,
नंदा