बिनतापाचा दिवस

हिर्डोशी, श्रावण १९३४

प्रिय सगुणा, सलाम.

तुझ्या दादांनी लिहिलेलं कार्ड पोचलं. दुसरीही मुलगीच झाली, दोघी सुखरूप आहात, हे वाचलं. बाळाचं नाव आपल्या थोरल्या एस्तेरनंच ठेवायचं, असं तू कळवलंयस.

तू माहेरी गेल्यावर एस्तेरला हिवताप आला. एक दिवस हुडहुडी भरायची, दुसऱ्या दिवशी ती अंगणात खेळायची. कोयनेलच्या गोळ्या घरात होत्या. पण प्रभूवर भरवसा असणाऱ्याला औषध कशाला, असं मीच दर रविवारी उपासनेत सांगत होतो. तिच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी तिचं अंग गार लागलं. तो बिनतापाचाच दिवस होता. मी मंडळीपुढं साक्ष दिली आणि गोळ्यांची पुडी शेजारच्या धोंडाबाईला देऊन टाकली. तिलाही तोच ताप होता, आणि ती काही ख्रिस्ती नव्हे.

तिसऱ्या दिवशी एस्तेरला ताप परत चढला. पुडी मागायला मी गेलो नाही. मंडळी काय म्हणेल, एवढंच डोक्यात होतं.

तिला चर्चमागच्या जांभळीखाली पुरलंय.

आज धोंडाबाई नाचणीच्या दोन भाकरी घेऊन आली. म्हणाली, "मास्तर, तुमच्याच देवानं मला उठवली. आता रविवारी म्या बी येती." मी "या" म्हणालो. एक भाकरी खाल्ली.

नावाचं तूच बघ.

तुझा,
शमुवेल